हात धुण्याची अकरा मिनिटं

वडिलांनी इस्त्री उभी करून ठेवली, गणवेशाच्या निळ्या सदऱ्याची कॉलर उलटी केली आणि बोट ओलं करून इस्त्रीच्या तळाला टेकवलं. चर्र झालं. समाधानाने मान हलवून त्यांनी विचारलं,

“आला का मग तुझा आकडा?”

“आला.” ती जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. “शून्य पूर्णांक एक्क्याण्णव.”

“म्हणजे पास की नापास?”

“बाबा, एकाच्या जितकं जवळ तितकं चांगलं. माणसांनी मनापासून, एकसारखी उत्तरं दिली की असा आकडा येतो. आमच्या विषयात सहसा इतका येत नाही.”

रविवार होता. आई खिडकीशी उजेडात बसून दुसऱ्या सदऱ्याचं सैल झालेलं बटण पक्कं करत होती. वडील बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये पर्यवेक्षक होते, आणि ती विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करत होती. कामगार आपल्या अडचणी वरिष्ठांना किती मोकळेपणाने सांगतात, हा तिचा विषय. वडिलांच्याच डेपोत दोनशे बारा माणसांकडून तिने छत्तीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली होती. प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच असे आकडे. पटेल त्यावर खूण करायची. त्यावरचा तिचा पहिला निबंध दोन महिन्यांपूर्वी एका नियतकालिकात छापूनही आला होता.

“येणारच चांगला,” वडील म्हणाले आणि गालात हसले. “कष्ट घेतलेत त्यासाठी.”

“कुणी?”

“मी. आणखी कोण?” त्यांनी बाही ताणून धरली. “तू फॉर्म वाटलेस ना, त्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना कँटीनमध्ये गोळा केलं. म्हटलं, पोरीचं शिक्षण आहे, नीट भरा. पाच दिलंत तर लाळघोटेपणा वाटेल. तीन दिलंत तर पोरगी नापास होईल. चार द्या.”

तिने पेन खाली ठेवलं.

“सगळ्यांना चार?”

“मी काय खुळा आहे? सगळ्यांनी चार दिले तर तुमचे मास्तर लोक पकडतील. पाळीप्रमाणे वाटून दिलं. पहिल्या पाळीने चार, मधूनमधून पाच. दुसऱ्या पाळीने चार, मधूनमधून तीन. आणि टायरवाल्याला म्हटलं, तू दोन दे. तो तसाही कटकट्या आहे, शोभून दिसेल.”

आई खिडकीपाशी हसली. “आणि त्याने दिले?”

“आनंदाने! म्हणाला, मामा, एक देऊ का?”

वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना मामा म्हणत. वडिलांनी इस्त्री सदऱ्यावरून फिरवली, मग तिच्याकडे पाहिलं. ती कागद एकावर एक रचत होती, कडा जुळवत होती. जुळलेल्या कडा पुन्हा जुळवत होती.

“काय गं? चांगलं झालं ना?”

“हो बाबा,” ती म्हणाली. “चांगलं झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या पाळीसाठी वडील घरातून निघाले, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले आणि तिसऱ्या पायरीवर बसले. शेजारच्या काकूंना वाटलं, बूट बांधताहेत.

*

चौदाव्या दिवसानंतर लोकांचं येणं थांबलं. विसाव्या दिवशी ती विद्यापीठात गेली आणि मार्गदर्शक बाईंना सगळं सांगितलं. बाई बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिल्या.

“आणखी कुणाला ठाऊक आहे?”

“दोनशे बारा जणांना.”

“विद्यापीठात विचारतेय मी.”

“कुणालाच नाही.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांचा विभाग नवा होता. तोवर व्यवस्थापनाचे प्रबंध वाणिज्य शाखेच्या पोटात लिहिले जात. स्वतंत्र विभाग व्हावा म्हणून बाई नऊ वर्षं अर्ज करत होत्या. मंजुरीच्या दिवशी विद्यापरिषदेत संख्याशास्त्राच्या सरांनी उभं राहून म्हटलं होतं, “व्यवहारज्ञानाला डॉक्टरेट द्यायची असेल तर माझ्या किराणावाल्यापासून सुरुवात करा.” सभागृह पाच मिनिटं हसत होतं. विभाग मंजूर झाला तो दोन मतांनी. आणि विभागाचा पहिला प्रबंध तिचा होता.

“निबंध मागे घेतलास तर सर म्हणणार, बघा, मी काय सांगत होतो,” बाई म्हणाल्या. “तीन वर्षं गेली तुझी. आणि माझी बारा.”

“हो.”

“मी तुला काहीच सांगत नाही. तू ठरव.”

त्या संध्याकाळी तिने आईला विचारलं. आई वडिलांचे गणवेश कपाटात लावत होती. द्यायचे कुणाला हे अजून ठरत नव्हतं.

“लिहायचं तर बाबांनी काय केलं तेही लिहावं लागेल, आई. छापलं जाईल.”

“त्यांनी केलं ना ते?”

“केलं.”

“मग लिही.” आईने सदऱ्याची घडी दाबली. “तीस वर्षं डेपोत काढली, कुणी कागदावर दोन ओळी लिहिल्या नाहीत त्यांच्याबद्दल. चुकीच्या निमित्ताने का होईना, येऊ देत.”

दुसऱ्या दिवशी तिने नियतकालिकाला पत्र पाठवलं. निबंध मागे घेत आहे. माहिती सदोष आहे. दोष माझा आहे. शेवटचं वाक्य तिने तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा तसंच ठेवलं. दोष तिचाच होता. वरिष्ठांशी माणसं मोकळेपणाने बोलतात का, हे तिने वरिष्ठांच्याच ओळखीने कागद वाटून विचारलं होतं. आणि ते वरिष्ठ तिचे वडील आहेत, हे डेपोतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

*

नव्या पर्यवेक्षकाने तिला आपल्या केबिनमध्ये खुर्ची दिली आणि एकेक माणूस आत पाठवला. माणसं आली, टोपी काढून उभी राहिली, मामा फार चांगले होते म्हणाली, डोळे पुसून गेली. नव्याने सुरू केलेल्या प्रबंधासाठी, गाडीतला बिघाड एका पाळीकडून दुसऱ्या पाळीला कसा कळतो, एवढंच तिला विचारायचं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच: “नोंदवहीत लिहितो, ताई.”

शेवटी टायरवाला आला. पन्नाशीचा, रुंद, कपाळाला कायम आठी.

“तुला शिकवलं कुणी हे?” त्याने उभ्याउभ्या विचारलं.

“काय?”

“माणसाला केबिनमध्ये बोलावून खरं विचारायचं. अगं, केबिनमध्ये माणूस रजा मागायला येतो नाहीतर शिव्या खायला. तोंड उघडतं ते नळावर.”

“कुठल्या नळावर?”

“पावणेदोनला ये आणि बघ.”

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला सिमेंटचं एक लांब टाकं होतं, वर सात नळ. पावणेदोनला सुटणारी पाळी तिथे येई. हातांचं ग्रीस निघायला वेळ लागतो. आणि चढणारी पाळीही तिथेच येई, कारण काम सुरू करण्याआधी नखांत ओला साबण भरला की ग्रीस आत शिरत नाही. उतरणारे हात धुत, चढणारे नखांत साबण भरत. खांद्याला खांदा, मान खाली, नजर पाण्याकडे.

“सोळा नंबर सोडलीय, पण क्लच मला आवडला नाही.”

“नोंदवलंस?”

“काय नोंदवू? आवडला नाही म्हणून?”

“बरं. बघतो उघडून.”

ती टाक्याच्या कडेला उभी राहून घड्याळ बघत होती. अकरा मिनिटांनी नळ बंद झाले. त्यानंतर तिने नोंदवही पाहिली. सोळा नंबरपुढे लिहिलं होतं: गाडी ठीक.

ती अकरा महिने रोज त्या नळांवर गेली. सुरुवातीला लोक तिच्याकडे पाहून गप्प होत. मग तिने वही पिशवीत ठेवली आणि हात धुवायला सुरुवात केली. आठवड्याभरात ते तिच्या असण्याला सरावले, आणि महिन्याभरात तिच्या समोर शिव्याही देऊ लागले, तेव्हा तिला कळलं की काम सुरू झालं. घरी परतल्यावर ती सगळं लिहून काढी, मग नोंदवहीशी ताडून पाही. तीनशे अठरा बिघाड. त्यांतले सत्त्याण्णव नोंदवहीत कधीच आले नव्हते. अजून बिघाड म्हणायच्या लायकीचे नसलेले, नुसते ‘आवडले नाहीत’ असे. त्या सत्त्याण्णवपैकी एकाहत्तर नळावर सांगितले गेले आणि रस्त्यावर जायच्या आधी दुरुस्त झाले.

एका दुपारी टायरवाला तिच्या शेजारच्या नळाशी उभा होता.

“मामांची जागा ही,” तो म्हणाला. “रोज यायचे.”

“बाबा? त्यांच्या हाताला कुठे ग्रीस लागायचं? ते तर पर्यवेक्षक होते.”

“नसायचंच. तरी धुवायचे. अकरा मिनिटं. बोलायचे नाहीत, फक्त धुवायचे.” त्याने नळ पिळून बंद केला. “त्यांना सगळं कळायचं, आणि कुणी सांगितलं असं कुणालाच वाटायचं नाही.”

तिने हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतली होती.

*

प्रबंधाची खुली मौखिक परीक्षा म्हणजे कुणीही यावं, ऐकावं, प्रश्न विचारावा. प्रत्यक्षात कुणी येत नाही. विभागाने तीस खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत बाई होत्या, तिची आई होती. अकरा वाजायला पाच मिनिटं असताना जिन्यावर जड बुटांचा आवाज झाला आणि निळ्या गणवेशातली माणसं आत येऊ लागली. पाळ्या आपसांत बदलून आली होती. खुर्च्या संपल्या, तशी ती भिंतीला टेकून उभी राहिली. शिपाई दारातून म्हणाला, “अहो, हा संप नाही ना?”

“नाही हो,” टायरवाला म्हणाला. “आमच्या पोरीची परीक्षा आहे.”

परीक्षक म्हणून बसले होते संख्याशास्त्राचे सर. विद्यापरिषदेत हसवणारे तेच. पाठीचा कणा ताठ, समोर प्रबंधाची प्रत, प्रतीत पिवळ्या चिठ्ठ्यांचं जंगल. तिने पाऊण तास बोलून संपवलं, तेव्हा त्यांनी पहिली चिठ्ठी उघडली.

“चौथं प्रकरण. या प्रकरणातली सगळी आकडेवारी अग्राह्य आहे, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय.”

“हो सर.”

“तुमच्या वडिलांनी उत्तरं सांगितली होती म्हणून.”

“हो.”

मागे बुटांची थोडी हालचाल झाली.

“मी ही आकडेवारी मागवून घेतली,” सर म्हणाले. “दोनदा तपासली. सरासरी, विचलन, गटागटांतले फरक, आम्ही ज्या ज्या कसोट्या लावतो त्या सगळ्या. मला काही सापडलं नाही. ‘दोन’ देणारा एक माणूसही आहे, हवा तसा.”

“तो मी,” टायरवाला मागून म्हणाला, आणि सभागृह हसलं. सर हसले नाहीत. पण त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं.

“म्हणजे माझ्या कसोट्यांना जे कळत नाही ते तुम्हांला कळलं, ते केवळ योगायोगाने. वडील बोलले म्हणून. मग याला शास्त्र का म्हणायचं?”

तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“चौथ्या प्रकरणाला नका म्हणू, सर. पण माणसांनी आकडे असे का भरले, याचंही उत्तर शोधता येतं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. त्यांना एक काम दिलं गेलं, आणि त्यांनी ते रोजच्यासारखं केलं, एकमेकांना सांभाळून. प्रश्नावली भरणं हेसुद्धा कामच असतं. ते कुणी नेमून दिलं, कुणाच्या देखत झालं, हे पाहिल्याशिवाय उत्तर मोजून उपयोग नाही. मी आधी मोजलं. पाहिलं नंतर. क्रम चुकला होता.”

“पाहणं ठीक. पण पाहून सांगितलेली गोष्ट खरी कशावरून? गोष्टी किराणावालाही सांगतो.”

बाईंनी डोळे मिटून घेतले.

“म्हणूनच ते पाकीट, सर,” ती म्हणाली.

सरांनी फाईलखालून एक बंद पाकीट काढलं. दीड वर्षापूर्वी तिने ते संख्याशास्त्र विभागाच्या कार्यालयात जमा केलं होतं. पोचपावती घेऊन, शिक्का मारून. त्या सुमाराला नळावर गर्दी होते म्हणून डेपोने दुसऱ्या दाराशी वेगळे नळ बसवायला घेतले होते: उतरणाऱ्यांचे वेगळे, चढणाऱ्यांचे वेगळे. हे करू नका, गाड्या बंद पडतील, असं सांगायला ती डेपो व्यवस्थापकांकडे गेली, तेव्हा ते म्हणाले होते, “नळाने गाड्या बंद पडतात होय? मग पंख्याने काय होतं तेही सांगून टाका.”

सरांनी शिक्का सगळ्यांना दिसेल असा धरला, पाकीट फाडलं आणि वाचलं.

“‘नवे नळ सुरू झाल्यावर तीन महिन्यांत रस्त्यात बंद पडणाऱ्या गाड्या किमान एक तृतीयांशाने वाढतील. नोंदवहीतल्या नोंदींत लक्षणीय फरक पडणार नाही. नळ पुन्हा एकत्र केल्यास तीन महिन्यांत संख्या पूर्ववत होईल.’” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आणि झालं काय?”

“आधीच्या तीन महिन्यांत बेचाळीस गाड्या. नळ वेगळे झाल्यावर एकसष्ट. नोंदवहीतल्या नोंदी जवळजवळ तितक्याच. मग व्यवस्थापकांनी नवे नळ बंद केले. पुढचे तीन महिने, चाळीस.”

“त्या काळात दुसरं काही बदललं नव्हतं? हवामान, चालक, सुटे भाग?”

“परिशिष्ट तीन, सर. शिवाय शहरातल्या दुसऱ्या डेपोचे तेच नऊ महिने शेजारी दिलेत. तिथे नळ हलले नाहीत, आकडाही हलला नाही.”

सरांनी परिशिष्ट उघडलं. बोट एका रकान्यावरून खाली नेलं, दुसऱ्यावरून वर आणलं. भिंतीला टेकलेला एक जण हळूच दुसऱ्याला म्हणाला, “आपल्या नळाचं एवढं निघालं?” आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

सरांनी प्रत मिटली. एकेक करून सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, त्यांची गड्डी केली, खिशात घातली.

“तुम्ही एक निबंध मागे घेतलात,” ते म्हणाले. “मी विद्यापरिषदेत एक वाक्य बोललो होतो. पुढच्या बैठकीत तेही मागे घेतलं जाईल, आणि इतिवृत्तात तशी नोंद करायला सांगेन. मी पदवीची शिफारस करतो.”

पहिली टाळी कुणी वाजवली ते कळलं नाही. पण ती जाड तळव्याची होती. मग सगळी भिंतच वाजायला लागली. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी तिच्या आईचाच हात धरला आणि हलवत राहिल्या. “किती वर्षं, किती वर्षं,” एवढंच म्हणत होत्या. शिपायाने आत येऊन विचारलं, “झाल्या का हो पास?” आणि उत्तराची वाट न पाहता तोही टाळ्या वाजवू लागला.

सर कागदपत्रांवर सही करत होते. तेवढ्यात टायरवाल्याने हात वर केला, शाळेतल्यासारखा.

“साहेब, मघाशी म्हणालात, कुणीही प्रश्न विचारू शकतं.”

“म्हणालो. आता खरं तर निकाल झाला. पण विचारा.”

त्याने टोपी काढली. निळ्या गणवेशातली माणसं जमिनीकडे बघू लागली, आणि तिच्या ध्यानात आलं की हा प्रश्न एकट्याचा नाही. बसमधून येताना सगळ्यांनी मिळून ठरवलेला आहे.

“आम्ही ते चार चार केलं, त्याने तुझं काम वाया गेलं, पोरी. ते आम्हांला मागाहून कळलं. मामांना कळलं होतं का? म्हणजे, जायच्या आधी? तू त्यांना बोलली होतीस काही?”

आई पहिल्या रांगेत होती. तिने मान वळवली नाही.

“नाही,” ती टायरवाल्याला म्हणाली. “त्यांनी विचारलं होतं, चांगलं झालं ना. मी हो म्हटलं.”

टायरवाल्याने श्वास सोडला. कुणीतरी “बरं झालं” म्हणालं. “सुखाने गेले,” आणखी कुणी म्हणालं. तिथेच थांबता आलं असतं. सर सही करायचे थांबले होते.

“बरं नाही झालं,” ती म्हणाली. “त्या रविवारी मी काय म्हणायला हवं होतं, ते आता म्हणते.”

तिने मेजावरचा माइक बंद केला आणि दोन पावलं पुढे आली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचला.

“बाबा, मला तुमचा फार राग आलाय. सगळं पहिल्यापासून करावं लागणार मला. आणि माणसं कशी चालवतात हे मी सात वर्षं शिकतेय, पण तुम्ही दिवसभर काय करता, हे तुम्हांला एकदाही विचारलं नाही. उद्या सकाळी निघाल तेव्हा मला उठवा. मी तुमच्याबरोबर येते.”